बोनेटसमोर पडलेले झाकण

काही जबाब वाचून विसरता येतात. अल नहदामधल्या त्या अपघातातला एक जबाब मला अजून ओळीनिशी पाठ आहे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा सोडून दिला होता.

महाराष्ट्र पोलीस दलात मी तेहतीस वर्षे नोकरी केली. शेवटची अकरा वर्षे वाहतूक शाखेत होतो आणि बहुतेक काम गंभीर अपघातांच्या तपासाचे होते. निवृत्तीनंतर मुलीकडे शारजाला राहायला गेलो. तिथे एका विमा सर्वेक्षण कार्यालयात काम मिळाले. अपघात झाला की पोलिसांची कागदपत्रे पाहायची, घटनास्थळी जायचे, जबाब घ्यायचे आणि अपघात कसा घडला याचा अहवाल द्यायचा. वर्दी नव्हती, अटकेचा अधिकार नव्हता. सवयी मात्र जुन्याच होत्या. या हकिकतीत कोणाचेही नाव दिलेले नाही.

अल नहदा म्हणजे शारजाची दुबईला लागून असलेली बाजू. उंच इमारती, त्यांत नोकरदार कुटुंबे, आणि प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी एक तरी कॅफेटेरिया. तिथली एक पद्धत आधी सांगायला हवी. चहासाठी गाडीतून कोणी उतरत नाही. गाडी पदपथाला लावायची आणि हॉर्न द्यायचा. वेटर बाहेर येतो, खिडकीतून ऑर्डर घेतो, ट्रेमध्ये चहा, बहुधा 'करक' म्हणजे कडक दुधाचा, घेऊन परत येतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाची तर ऑर्डरही विचारावी लागत नाही. हॉर्न ऐकूनच आत कप भरला जातो.

तो सोमवार होता. सकाळी सातच्या आत अशाच एका कॅफेटेरियासमोर वेटरला गाडीने उडवले. गाडी थांबली नाही. वेटर केरळचा होता. त्याच्या उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. त्याने पाहिली ती फक्त गाडीची जात : पांढरी, अमेरिकन, प्रचंड पिकअप.

ही पिकअप ज्यांनी रस्त्यावर पाहिली आहे त्यांना वर्णन नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबी सहा मीटरच्या आसपास. पार्किंगच्या आखलेल्या चौकटीत उभी केली तर नाक किंवा शेपूट बाहेर राहते. बोनेट मध्यम उंचीच्या माणसाच्या छातीला लागते. चालक बसतो तो जवळजवळ ट्रकच्या उंचीवर. दूरचे सगळे दिसते, जवळचे काहीच दिसत नाही.

शेजारच्या किराणा दुकानदाराने पोलिसांना खबर दिली, की अशी एक पिकअप इथे रोज सकाळी येते. अजमानमध्ये बोटी ओढून नेण्याचे काम करणाऱ्या एका कंपनीची ती गाडी होती. दुपारपर्यंत तिचा चालक ताब्यात होता. संध्याकाळपर्यंत त्याने गुन्हा कबूल केला होता.

मंगळवारी सकाळी फाइल माझ्या टेबलावर आली. गाडीचा विमा आमच्या पक्षकार विमा कंपनीकडे होता. प्रकरण दिसायला सरळ होते. औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सहा चोपन्नला एका पांढऱ्या पिकअपचे टप उभ्या गाड्यांच्या वरून सरकताना दिसत होते. नंबर दिसत नव्हता. कंपनीच्या यार्डातल्या नोंदवहीत चालकाची वेळ 'सातच्या सुमारास' अशी होती. 'सुमारास' हा शब्द तपासाचा जुना शत्रू आहे. पोलीस पोचले तेव्हा गाडी धुतलेली होती. आणि कबुली होती. अपघात करून पळून जाणे हा तिथे फार गंभीर गुन्हा आहे. तुरुंगवास, परवाना रद्द, शिक्षा भोगून झाली की बहुधा देशाबाहेर. गुरुवारी सकाळी फाइल अभियोग कार्यालयाकडे जाणार होती.

माझ्याकडे दोन दिवस होते आणि कामही तेवढेच होते : चालकाचा जबाब विम्याच्या फॉर्मवर घ्यायचा आणि सही करायची.

तपास अधिकारी तिशीतला स्थानिक लेफ्टनंट होता. स्वच्छ, तत्पर, हिंदी चांगले बोलणारा. त्याने आधी चहा मागवला, मग फाइल पुढे सरकवली.

"साहब, इसमें आपका टाइम नहीं जाएगा," तो म्हणाला. "मान लिया है उसने. खलास."

"पाच मिनिटं बोलू द्या. त्याच्याच भाषेत," मी हिंदीत म्हणालो.

"बोलिए, बोलिए. मैं बैठा हूँ."

चालक आत आला. पन्नाशी ओलांडलेला, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा. हातावर दोरांचे जुने वळ होते. माझे मराठी ऐकून तो क्षणभर बावरला.

"किती वर्षं गाडी चालवता?"

"इथं बावीस वरसं, साहेब."

"आधी कधी अपघात?"

"नाय. एक पण नाय."

"सोमवारी काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा."

"माझ्याकडनं त्या पोराला लागलं. मी निघून गेलो."

"धक्का जाणवला?"

"नाय."

"ओरडण्याचा आवाज?"

"नाय."

"आरशात कोणी पडलेलं दिसलं?"

"नाय, साहेब."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"पोलिसांनी सांगितलं."

"त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही मान्य केलं?"

"साहेब, तुमी त्या गाडीत बसलायत कदी? बोनेटीच्या पुढं काय हाय ते मला दिसतच नाय. रोज बिस्मिल्ला बोलून गाडी सोडतो. मांजर बसलं असंल, माणूस वाकला असंल, काय पण असंल. एक दिवस होणार, हे मला म्हाईत होतं. त्येंनी विचारलं तवा वाटलं, झाला तो दिवस."

"मारहाण केली का कोणी? दम दिला?"

"अल्लाची शपथ, नाय. चहा पाजला. चांगली मानसं हायत."

लेफ्टनंटने मला विचारले, काय म्हणतो? मी त्याला शब्द न बदलता सांगितले. त्याने खांदे उडवले. "वही तो. नहीं दिखा, मार दिया."

तेहतीस वर्षांत मी शेकडो कबुल्या ऐकल्या. खऱ्या कबुलीत एक तरी गोष्ट अशी असते, जी पोलिसांना आधी ठाऊक नसते. शर्टाचा रंग, कुत्र्याचे भुंकणे, खिशातली किल्ली. या माणसाच्या कबुलीत पोलिसांच्या कागदाबाहेरचे एक अक्षर नव्हते. तो कबूल करत होता ते स्वतःच्या आठवणीतून नव्हे, तर स्वतःच्या भीतीतून. पण एवढ्यावर कोणी सुटत नाही. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.

उठताना त्याने एकच विनंती केली. "माझी बायको खोलीवर एकटी हाय. आठ दिवस झाले येऊन. तिला नीट समजावून सांगा."

परवान्याची आणि पासपोर्टची प्रत मला हवीच होती. त्याची खोली अपघाताच्या जागेपासून दोन इमारती पलीकडे होती. इमारतीच्या तळघरात ती पिकअप शिरत नसे, छत कमी पडे. म्हणून ती मागच्या वाळूच्या मैदानात उभी राहायची. रोज सकाळी तिथून गाडी काढायची, कॅफेटेरियासमोर थांबून चहा प्यायचा आणि अजमान गाठायचे, असा त्याचा क्रम होता.

दार उघडणारी बाई ताठ होती. रडलेली दिसत होती, पण रडत नव्हती. व्हिजिट व्हिसावर आलेली, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली.

"तुमी पोलीस?"

"होतो. आता नाही."

"मग तुमाला खरं सांगितलं तर चालंल. बसा."

मी बसलो. तिने कागदांची पिशवी काढून दिली. काय घडले ते मी थोडक्यात सांगितले : कॅफेटेरिया, हॉर्न, चहा घेऊन आलेला वेटर, धडक. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "हॉर्न कोणी मारला?"

"गाडीवाल्यानं. तिथं तशी पद्धत आहे."

"पद्धत असंल. हे मारीत नाय."

"एखाद वेळी..."

"कदीच नाय. शनवारी मला घेऊन गेले त्या हाटेलात. समदे गाडीत बसून चहा पीत होते. मी बोलले, आपण पण मागवू, मला उतरवू नका. त्या गाडीतनं उतरायचं म्हंजे माडावरनं उतरायचं. तर मलाच बोलले, माणूस काय कुत्रा हाय, हॉर्न मारून बोलवायला? हात धरून उतरवली मला. उभ्यानं चहा प्यायलो. काचेच्या ग्लासात."

हे तिने मला पटवण्यासाठी सांगितले नव्हते. नवऱ्याच्या हट्टाची तक्रार करावी तशा सुरात सांगितले. तपासात अशा तक्रारींना फार किंमत असते. बचाव करणारा माणूस विचार करून बोलतो, तक्रार करणारा विचार न करता खरे बोलतो.

लिफ्टमध्ये मी फाइल पुन्हा उघडली. वेटरचा जबाब, हिंदी भाषांतर, सहावी ओळ. 'मी चहा घेऊन गाडीच्या पुढून चालकाच्या खिडकीकडे जात होतो. झाकण पडले. ते उचलायला वाकलो. तेवढ्यात गाडी सुटली.'

काचेच्या ग्लासाला झाकण नसते.

लिफ्ट तळमजल्याला थांबली. दार उघडले, पुन्हा बंद झाले. मी आतच उभा होतो.

रुग्णालयात वेटरचा पाय वर टांगलेला होता. मोडक्या हिंदीत तो भरभर बोलायचा. मी आधी त्याच्या पायाची चौकशी केली. मग विचारले, चहा कशात होता?

"पेपर कप, साब. ढक्कन वाला."

"कोणासाठी?"

"हॉर्न वाला कस्टमर."

"तो बोटीच्या गाडीवाला कोकणी चाचा?"

"चाचा?" तो हसला आणि पायाला कळ लागून थांबला. "चाचा हॉर्न नहीं मारता. चाचा नीचे आता है, ग्लास में पीता है, ग्लास खुद अंदर रखता है. उस दिन भी आया, पीके गया. उसके बाद ये दूसरा आया."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"उन्होंने पूछा, सफेद बड़ा पिकअप रोज आता है? मैं बोला, आता है. फिर बोला, ड्राइवर ने मान लिया. मैं सोचा, चाचा फिर वापस आया होगा. आदमी खुद बोलता है मैंने मारा, तो मैं कौन है ना बोलने वाला?"

हेच त्या प्रकरणाचे मूळ होते. चालकाने पोलिसांवर विश्वास ठेवून कबुली दिली. साक्षीदाराने कबुलीवर विश्वास ठेवून स्वतःची आठवण मागे घेतली. पोलिसांनी दोघांवर विश्वास ठेवला. कोणीच खोटे बोलले नव्हते.

आणखी एक प्रश्न राहिला होता. वेटर गाडीच्या पुढून का गेला? लहान गाडीला तो पदपथाच्या बाजूच्या खिडकीतूनच चहा देतो. त्याने हातवारे करून समजावले. पिकअप इतकी रुंद आणि उंच, की पदपथाकडच्या खिडकीतून कप आत दिला तर चालकाचा हात पोचत नाही. म्हणून मोठ्या गाडीला नेहमी वळसा घालावा लागतो. नाकासमोरून.

तिथून मी थेट कॅफेटेरियात गेलो. गल्ल्यावरचा माणूस चाळिशीतला, बोलघेवडा होता. त्याला मी विचारले : सोमवारी चाचा गेल्यावर कोणती मोठी गाडी आली?

"आती है साब एक. हफ्ते में तीन-चार बार. उसका हॉर्न बहुत लंबा है, कान फट जाता है. मैंने अंदर से ही बोला, केसर करक, चीनी कम."

"नंबर? नाव?"

"नाम नहीं मालूम." त्याने डोके खाजवले. मग चेहरा पडला. "वो वैसे भी नाराज है. बोला, फिर नहीं आएगा."

"कधी बोलला?"

"मेसेज किया ना. उसी दिन."

त्याने दुकानाचा फोन काढला. ऑर्डर घेण्यासाठी ठेवलेला, तेलकट काचेचा. सोमवार, सहा सत्तावन्न. इंग्रजीत संदेश होता. त्याचा अर्थ असा : दहा मिनिटे थांबलो, दोनदा हॉर्न दिला, चहा आलाच नाही. अशी सेवा असेल तर पुन्हा येणार नाही.

खाली गल्ल्यावरच्या माणसाचे उत्तर होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी पाठवलेले. माफ करा सर, आज आमचा वेटर जखमी झाला. पुढे हात जोडल्याचे चित्र. ते वाचल्याची खूण नव्हती.

मी वेळा जुळवल्या. कॅमेऱ्यातली पिकअप सहा चोपन्नला हलली होती. तीन मिनिटांनी तिच्या चालकाने तक्रार लिहिली होती. ज्या चहाची तो वाट पाहत होता, तो चहा तोपर्यंत त्याच्याच गाडीच्या जाळीवर सांडलेला होता.

"हे पोलिसांना दाखवलं नाहीस?" मी विचारले.

"चाय का कंप्लेंट पुलिस को क्या दिखाऊँ, साब?"

त्याचेही चुकले नव्हते. त्याला कोणी विचारले नव्हते.

बुधवारी सकाळी आठला मी लेफ्टनंटसमोर बसलो होतो. वर्दीतल्या अधिकाऱ्याला त्याची चूक दाखवताना एक पथ्य पाळावे लागते. चूक दाखवायची नाही, कागद दाखवायचे. मी तीन कागद ठेवले : जबाबातली सहावी ओळ, वेटरचा नवा जबाब आणि फोनच्या पडद्याचा फोटो. त्याने तिन्ही दोनदा वाचले. मग खुर्ची मागे सरकवली आणि मेजावर तळहात आपटला. हा तरुण माणूस आता चिडणार असे मला वाटले. तो हसत होता.

"ढक्कन," तो म्हणाला. "साहब, मैंने खुद लिखवाया था ये लफ्ज. यल्ला, चलो, नंबर निकालते हैं."

त्या फोन नंबरचा मालक अर्ध्या तासात सापडला. दुबईत विक्रीचे काम करणारा, आपल्याच देशातला. त्याला फोनवर कारण सांगितले नाही, फक्त गाडी घेऊन या म्हटले. तो तासाभरात आला. चांगले कपडे, मनगटावर जाड घड्याळ, चेहऱ्यावर वैताग. पांढरी पिकअप ठाण्याच्या आवारात उभी केली, तेव्हा तिने दोन गाड्यांची जागा घेतली.

"आपने सोमवार को उस कॅफेटेरिया में हॉर्न दिया था?" लेफ्टनंटने विचारले.

"दिया था. चाय नहीं आई, मैं चला गया." मग आपल्याला कारण उमगले असे त्याला वाटले. "एक मिनट. उन्होंने मेरी कंप्लेंट की है? एक चाय के लिए पुलिस? कमाल है!"

लेफ्टनंट त्याला घेऊन गाडीच्या नाकाशी गेला. पुढे जाड पोलादी संरक्षक दांडे बसवलेले होते. त्यांच्या मागच्या जाळीत, कंबरेच्या उंचीवर, तपकिरी ओघळ वाळून चिकटलेले होते. एका केशराच्या काडीसकट. शेजारी ट्रेच्या कडेचा आडवा ओरखडा होता. घटनास्थळावरून जप्त केलेला वाकलेला ट्रे शिपायाने आणून तिथे धरला. तो नेमका बसला.

माणसाने जाळीकडे पाहिले, ट्रेकडे पाहिले. कोणी आरोप केला नव्हता. तो गाडीच्या पायरीवर बसला.

"मुझे लगा स्पीड ब्रेकर है," तो म्हणाला. मग हळू आवाजात विचारले, "वो ज़िंदा है?"

"ज़िंदा है," लेफ्टनंट म्हणाला.

"पुढे सेन्सर असतात. ते वाजले नाहीत?" मी विचारले.

त्याने मान खाली घातली. दांडे बसवल्यापासून सेन्सर सारखे वाजत. त्याने ते बंद करून टाकले होते.

त्याच दुपारी आम्ही आवारात माप घेतले. आमच्या कार्यालयाचे प्रमुख युरोपातले होते. ते स्वतः टेप घेऊन आले. मी चालकाच्या जागेवर बसलो. शिपाई ट्रे घेऊन पुढून चालत गेला. ताठ असताना त्याची टोपी दिसली. झाकण उचलायला वाकला तसा तो नाहीसा झाला. समोर फक्त पांढरे बोनेट आणि त्याच्यापलीकडे मोकळे आवार. मला ठाऊक होते की तिथे माणूस आहे. तरीही समोर कोणी नाही अशीच डोळ्यांची खात्री होती. मी शिपायाला वाकूनच पुढे सरकायला सांगितले. त्याची पाठ पुन्हा दिसेपर्यंत तो नाकापासून चार पावले पुढे गेला होता.

प्रमुखांनी आकडे लिहून घेतले आणि त्यांची एक प्रत स्वतःसाठी मागितली. "आमच्या गावातही या गाड्या येऊ लागल्या आहेत," ते म्हणाले. "आमच्या गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या आहेत. पुढच्या महिन्यात नगरपालिकेची बैठक आहे. हा कागद तिथे वाचून दाखवीन."

संध्याकाळी पाचला चालकाला बाहेर आणले. लेफ्टनंटने मला म्हटले, त्याच्या भाषेत तुम्हीच सांगा. मी सांगितले : वेटरला दुसऱ्या गाडीने उडवले, गाडी सापडली, तुम्ही घरी जा.

तो हलला नाही.

"म्हंजे मी नाय?"

"नाही."

"मी निघाल्यावर झालं?"

"हो. दहा-पंधरा मिनिटांनी."

"पन साहेब, माझ्याकडनं होऊ शकलं असतं."

"होऊ शकलं असतं. झालं नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेसाठीच पोलीस ठाणं असतं."

लेफ्टनंटने त्याचा परवाना आणि पासपोर्ट स्वतःच्या हाताने परत दिला. "चाचा," तो म्हणाला, "अगली बार कोई पूछे तो पहले याद करो, फिर बोलो."

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. ती उठली. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, दोन हात, दोन पाय मोजल्यासारखे. मग माझ्याकडे वळली.

"मी बोलले होते तुमाला. हे हॉर्न मारीत नाय."

"तुम्हीच सोडवलंत त्यांना," मी म्हणालो.

"मग काय! बावीस वरसं मी फोनवर ह्येंचं ऐकून घेतलं. आता इथं येऊन आठ दिवस बघितलं, तेवढं पुरलं."

चालक पहिल्यांदा हसला. जाताना ती त्याला काहीतरी बोलत होती, तो मान डोलवत होता. दोघे बस थांब्याकडे चालत गेले. सोमवारी पोलिसांनी आणून ठेवलेली त्याची पिकअप अजून आवारातच होती. तिची किल्ली त्याने त्या दिवशी घेतली नाही.

दुसऱ्या गाडीच्या मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा राहिला. पळून जाण्याचा आरोप त्याच्यावरही टिकला नाही, आणि माझ्या मते ते योग्य होते. त्याला खरोखरच काही दिसले नव्हते. वेटरच्या उपचाराचा भार विम्याने उचलला. त्याला भेटायला तो माणूस रुग्णालयात दोनदा गेला, असे कानावर आले.

या प्रकरणाने मला शिकवले ते मी नोकरीच्या सुरुवातीला शिकायला हवे होते. दोन माणसे एकाच उंचीवर बसली होती. एकाने कोणालाही धक्का लावला नव्हता आणि त्याला वाटत होते की आपण लावला. दुसऱ्याने माणूस पाडला होता आणि त्याला वाटत होते की चहाला उशीर झाला. दोघेही मनापासून बोलत होते. माणसाचे मन किती खरे आहे यावरून घटना ठरत नाही. घटना ठरते ती कप कशाचा होता, हॉर्न कोणी दिला, झाकण कुठून आले यावरून. कबुली मिळाली की तपास अधिकाऱ्याला हायसे वाटते आणि त्याचे डोळे मिटतात. तेव्हाच ते उघडे ठेवायचे असतात. आणि साक्षीदाराला प्रश्न विचारताना उत्तर प्रश्नातच भरून द्यायचे नसते. 'पांढरी पिकअप रोज येते का' असे विचारले की 'येते' एवढेच मिळते. 'त्या दिवशी काय झाले' असे विचारले असते, तर सोमवारी दुपारीच प्रकरण मिटले असते.

चार महिन्यांनी एका सकाळी मी त्याच कॅफेटेरियात चहा पीत उभा होतो. वेटर कामावर परतला होता. अजून लंगडत होता, म्हणून गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून कप भरायचा. चाचा आणि त्याची बायको पदपथावर उभे होते. हातात काचेचे ग्लास. तिचा व्हिसा वाढवून घेतला होता. पिकअप पदपथाला लागून उभी होती. निघण्याआधी चाचाने ग्लास आत नेऊन ठेवला. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, नाकासमोर खाली वाकून पाहिले, आणि मगच चढला. हे आता तो रोज करतो, असे वेटरने मला सांगितले.

ते गेले आणि त्याच जागी दुसरी एक पिकअप येऊन थांबली. काळी, आणखी उंच. हॉर्न वाजला. लांबलचक.

वेटर स्टुलावरून उठला नाही. गल्ल्यावरच्या माणसाने भिंतीवरच्या नव्या पाटीकडे बोट दाखवले. वेटरने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि रस्त्यापर्यंत पोचेल असा आवाज काढला.

"हबीबी! बड़ी गाड़ी का चाय इधर मिलेगा! नीचे उतरो!"

हॉर्न पुन्हा वाजेल असे वाटले. मग दार उघडले, एक पाय पायरीवर आला, दुसरा पाय जमीन शोधत खाली आला. गाडीतला माणूस गाडीच्या मानाने बराच बुटका निघाला. पदपथ ओलांडून तो गल्ल्याशी आला आणि जरा ओशाळून म्हणाला, "एक करक."

"बैठिए साब," वेटर म्हणाला, आणि काचेचा ग्लास काढला.